पिकल्या पानाचा हिशेब: हिरवा रंग कसा मोडतो, हे घरच्या घरी तपासायची रीत

डिसेंबर उजाडला की सांगोल्याहून आमच्या दाजींचा फोन ठरलेला. "मास्तर, बागेतली पानं पिवळी पडायला लागली. काय टाकू?" मी विचारतो, "वरची का खालची?" पलीकडे शांतता. मग, "थांबा, बघून सांगतो." म्हणजे माणूस खताच्या दुकानाच्या पायरीवर उभा असतो आणि झाडाकडं अजून नीट बघितलेलं नसतं.

मी सोलापुरात बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवतो. हिरवं पान पिवळं का पडतं, या प्रश्नावर परीक्षेत दोन मार्कांचं उत्तर असतं: हरितद्रव्य नष्ट होतं. एवढ्यानं दाजींचं काम भागत नाही आणि खरं तर पोरांचंही भागू नये. हरितद्रव्य आपोआप "नष्ट" होत नाही. जिवंत पान ते ठरलेल्या क्रमानं, एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, कामाला लावून मोडतं. हा क्रम कळला की पिवळ्या पानाकडं बघायची नजर बदलते आणि खताचे पैसेही वाचतात. तो क्रम घरात, गच्चीवर आणि बांधावर कसा बघायचा, ते इथं सांगतो. यातल्या बहुतेक परीक्षा मी वर्गातल्या पोरांकडून करून घेतल्या आहेत. काही फसल्या, त्याही सांगतो.

सुरुवात करण्याआधी

पिवळं पान दोन तऱ्हांचं असतं. एकात हिरवा रंग बनलेला होता आणि आता झाड तो मोडतंय. दुसऱ्यात हिरवा रंग धड बनलाच नाही. पहिलं म्हणजे वय झालेलं, पिकलेलं पान. दुसरं म्हणजे आपल्याकडं उसावर दिसतो तो केवडा. दोन्ही पिवळीच दिसतात, पण उपाय एकमेकांच्या अगदी उलटे. पुढची प्रत्येक पायरी शेवटी हा फरक ओळखण्यासाठीच आहे.

सामान फार लागत नाही. रंगीत दोरा, वही, पालकाची किंवा मुळ्याची ताजी जुडी, झाकणाचे दोन-तीन डबे, टिपकागद, ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर किंवा मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, लिंबू, खायचा सोडा आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा. दिवा विकत घेऊ नका. ओळखीच्या दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून आणा, काम होतं.

वेळ निवडायची तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. पुण्या-मुंबईकडच्या लेखांत शरदातल्या पानगळीची चित्रं छापलेली असतात. आपल्याकडं तसं काही नसतं. सोलापुरात पानगळ बघायची तर गड्ड्याची यात्रा सरल्यावर, ऊन तापायला लागताना, कडुनिंबाखाली उभं राहायचं. पाडव्याला आपण जी कोवळी पालवी खातो, तिची जागा मोकळी करायचं काम त्याआधीच्या महिन्याभरात झालेलं असतं.

पायरी पहिली: खुणेचं पान

हाताला येईल अशी कडुनिंबाची एक फांदी निवडा. त्यावरच्या दहा पानांना, म्हणजे अख्ख्या दांडीला, सैल दोरा बांधा. पाच पानं फांदीच्या टोकाजवळची, पाच बुडाकडची. वहीत तारीख टाका. दर दोन दिवसांनी एकाच वेळी, शक्यतो सकाळी, फोटो काढा. दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत सगळीच पानं पिवळी दिसतात. पहिल्या वर्षी आमचे निम्मे फोटो त्यामुळंच वाया गेले.

शेजारी पिंपळ असेल तर त्याचंही एखादं पान धरा, कारण त्याच्या शिरा ठळक असतात. तिथं एक गोष्ट नजरेत भरते. पान सगळीकडून सारखं पिवळं होत नाही. कडा आणि शिरांमधला भाग आधी उजळतो, मोठ्या शिरा आणि देठ शेवटपर्यंत हिरवट राहतात. यामागं कारण आहे. पानातून बाहेर जाणारा माल याच शिरांवाटे जातो. माल निघेपर्यंत वाट चालू ठेवावी लागते.

माल म्हणजे प्रामुख्यानं नत्र. पानातल्या नत्राचा मोठा हिस्सा, साधारण सत्तर-ऐंशी टक्के, हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्याच्या कोठारांत, असतो आणि तोही मुख्यतः प्रथिनांच्या रूपात. पान म्हातारं झालं की झाड ही प्रथिनं तोडतं, त्यांतलं नत्र ग्लुटामिन, ॲस्परॅजिन अशा छोट्या रेणूंत भरतं आणि खोडाकडं, कळ्यांकडं, दाण्यांकडं पाठवतं. फॉस्फरस आणि पालाशही बरंचसं परत जातं. कॅल्शियम जात नाही, ते पानाबरोबरच खाली पडतं.

आता ओढ-परीक्षा. दोरा बांधलेल्या पानाला दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढा. पान पूर्ण पिकलेलं असेल तर कट्‌कन सुटतं आणि मागं स्वच्छ, कोरडा व्रण राहतो. तिथं पेशींचा एक थर आधीच सुटा झालेला असतो. ओढल्यावर साल निघाली किंवा फांदी वाकली तर त्या पानाचा हिशेब अजून चुकता झालेला नाही. ही परीक्षा शेतातही उपयोगी पडते, म्हणून हाताला सवय करून घ्या.

पायरी दुसरी: डब्यातला अंधार

ही मला सगळ्यांत आवडती परीक्षा. वय होण्याची वाट न बघता पानाला चार-सहा दिवसांत म्हातारं करता येतं.

पालकाची किंवा मुळ्याची एकसारखी नऊ निरोगी पानं घ्या, धुवा, पाणी निथळू द्या. तीन पानं ओलसर कागदावर ठेवून डब्यात घाला आणि डबा कपाटात ठेवा. तीन पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार करून, तशाच दुसऱ्या डब्यात ठेवा. उरलेली तीन ओल्या कागदावरच, पण खिडकीपाशी उजेडात. थेट ऊन नको. झाकण घट्ट लावू नका. मी एकदा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती. चौथ्या दिवशी पानांऐवजी लगदा निघाला आणि वर्ग रिकामा करावा लागला.

पाचव्या दिवशी तिन्ही डबे शेजारी मांडा. अंधारातली कच्ची पानं पिवळी पडलेली असतात. उजेडातली बरीच हिरवी राहतात. उकळलेली मात्र मळकट, शेवाळी हिरवी. पिवळी नाहीत. इथं थांबून पोरांना विचारायचं: मेलेलं पान पिवळं का पडलं नाही?

उत्तर सोपं आहे, पण ऐकणारा दोन क्षण चाट पडतो. पिवळं पडणं हे जिवंत पानाचं काम आहे. उकळल्यावर विकरं मेली, काम थांबलं. आपण म्हणतो "पान मेलं, म्हणून पिवळं झालं." प्रत्यक्षात ते जिवंत होतं, म्हणून पिवळं झालं.

मधेच थोडं रसायन, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही

हरितद्रव्याला क्लोरोफिल हे नाव पेलेतिए आणि कावांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिलं. त्याचा रेणू डोळ्यांसमोर आणायचा तर चौकोनी तबक धरा. तबकाच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू, त्याला चार बाजूंनी धरून ठेवणारे नत्राचे चार अणू आणि तबकाला लोंबणारी एक लांब शेपूट. शेपटीचं नाव फायटॉल. पानात याचे दोन प्रकार असतात, 'अ' आणि 'ब'. प्रमाण साधारण तीनास एक.

मोडणीचा क्रम असा. आधी 'ब'चं 'अ'मध्ये रूपांतर होतं, कारण पुढची वाट फक्त 'अ'साठी आहे. मग मधला मॅग्नेशियमचा अणू काढला जातो. हे काम एसजीआर नावाचं प्रथिन करतं. ते नेमकं हेच काम करतं, हे जपानातल्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पण या जनुकाची ओळख त्याहून फार जुनी. मेंडेलनं वाटाण्याच्या सात गुणांचा अभ्यास केला, त्यांतला एक गुण म्हणजे दाणा वाळल्यावर पिवळा होतो की हिरवाच राहतो. हिरव्या दाण्यात हेच जनुक बिघडलेलं असतं, हे २००७ मध्ये उघड झालं. बारावीच्या पुस्तकातला तो हिरवा वाटाणा म्हणजे हरितद्रव्य मोडता न येणारा वाटाणा. मी आनुवंशिकता शिकवताना हे सांगतो, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

मॅग्नेशियम गेल्यावर शेपूट कापली जाते. इथं जुन्या पुस्तकांशी माझं भांडण आहे. क्लोरोफिलेज हे विकर आधी शेपूट कापतं, मग मॅग्नेशियम निघतं, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००९ मध्ये फिओफायटिनेज नावाचं वेगळं विकर सापडलं आणि पान पिकताना क्रम उलटा असतो, हे स्पष्ट झालं. तरी काही गाइडांत अजून जुनंच चित्र असतं.

कापलेली शेपूटही फुकट जात नाही. तिचा काही भाग ई जीवनसत्त्व बनवायला वापरला जातो.

आता उरलं शेपटीविना, मॅग्नेशियमविना तबक. पीएओ नावाचं लोहयुक्त विकर प्राणवायू वापरून हे तबक फोडतं, चौकट उघडी पडते आणि हिरवेपणा इथं कायमचा संपतो. क्षणभर एक लाल पदार्थ तयार होतो. लगेच पुढचं विकर त्याचं दुसऱ्या पदार्थात रूपांतर करतं. हा नव्यानं बनलेला पदार्थ अतिनील उजेडात निळा चमकतो. मग तो हरितलवकाबाहेर काढून पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाणीभरल्या पिशवीत, ढकलला जातो. रिक्तिका आंबट असते. त्या आंबटपणात त्याचं रंगहीन पदार्थात रूपांतर होतं आणि तो तिथंच पडून राहतो. हे रंगहीन अवशेष दिसत नाहीत, म्हणूनच शास्त्रज्ञांना ते इतकी वर्षं सापडले नाहीत. झुरिचमधल्या फिलिप माटिले यांच्या गटानं अंधारात ठेवून पिवळी पाडलेली जवाची पानं तपासली आणि बर्नहार्ड क्रॉयटलर यांच्याबरोबर १९९१ मध्ये अशा पहिल्या पदार्थाची रचना सांगितली. तुमच्या कपाटातला पालकाचा डबा म्हणजे त्याच प्रयोगाची गरीब आवृत्ती.

गंमत अशी, की तबकातले नत्राचे चार अणू झाड परत घेतच नाही. ते रिक्तिकेत पानाबरोबर जातात. पानातल्या एकूण नत्रात हरितद्रव्याचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. मग एवढी यातायात कशासाठी? प्रथिनांसाठी. हरितद्रव्य ज्या प्रथिनांत रुतून बसलेलं असतं, ती प्रथिनं तोडायची तर आधी ते सोडवावं लागतं. आणि सुटलेलं हरितद्रव्य फार धोक्याचं. ते उजेड पकडत राहतं, पण पकडलेली ऊर्जा द्यायला जागा नसते. मग ती प्राणवायूच्या अंगावर जाते आणि पेशी जळतात. पीएओ बिघडलेल्या मक्याच्या एका वाणात पानांवर जळल्यासारखे डाग पडत जातात, आणि ते उजेडातच.

हे आपल्या गुराखी लोकांना वेगळ्या रूपात माहीत असतं. बांधावरची घाणेरी खाल्लेल्या गाईची पांढरी कातडी उन्हात भाजते, सुजते. घाणेरीच्या विषानं यकृत बिघडतं. हिरवा चारा पोटात मोडताना हरितद्रव्यापासून जो पदार्थ बनतो, तो एरवी यकृत बाहेर टाकतं. आता तो रक्तात साठतो, कातडीत पोचतो आणि ऊन लागलं की पेटतो. अशा जनावराला आधी सावलीत बांधायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं.

पायरी तिसरी: कढईत

मॅग्नेशियम निघणं म्हणजे काय, ते स्वयंपाकघरात पाच मिनिटांत दिसतं. पालकाची चिरलेली पानं तीन वाट्यांत घ्या. तिन्हींत सारखंच उकळतं पाणी ओता. एकीत अर्धं लिंबू पिळा, एकीत चिमूटभर सोडा टाका, एक तशीच ठेवा. लिंबाची वाटी बघता बघता खाकी होते. आंबट चुक्याची भाजी कधीच हिरवीगार राहत नाही, ती याचमुळं. आम्लानं मॅग्नेशियम हुसकून लावलं आणि तिथं हायड्रोजन बसला. सोड्याची वाटी भडक हिरवी राहते, पण भाजीचा चोथा होतो आणि क जीवनसत्त्व जातं. हॉटेलात पालक पनीर फारच हिरवंगार दिसलं तर मला उगाच शंका येते.

मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी तांबं बसलं तर रंग पुन्हा चकचकीत हिरवा होतो आणि टिकतो. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ हिरवा दिसतो, त्यात या गोष्टीचा हात असतो. तो पदार्थ फेकून द्या, खाऊ नका.

कढईतली मोडणी मात्र इथंच थांबते. पुढची विकरं शिजून मेलेली असतात, म्हणून शिजवलेला पालक खाकी होतो, पिवळा नाही.

पायरी चौथी: टिपकागदावर रंगांची चाळण

कडुनिंबाची तीन प्रकारची पानं गोळा करा: गर्द हिरवी, अर्धी पिवळी, पूर्ण पिवळी. प्रत्येक प्रकार वेगळा वाटा, प्रत्येकात चमचा-दोन चमचे ॲसिटोन किंवा अल्कोहोल घाला, झाकून अर्धा तास ठेवा. जवळपास गॅस, उदबत्ती, काडी काही नको. खिडकी उघडी ठेवा.

टिपकागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. खालून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीनं रेघ मारा, पेन नको, शाई पसरते. काडीच्या टोकानं रसाचा ठिपका रेघेवर द्या, वाळू द्या, पुन्हा द्या, असं दहा-पंधरा वेळा. बहुतेकांची पट्टी फसते ती इथं, तिसऱ्या ठिपक्यालाच धीर सुटतो. मग पट्टीचं टोक ग्लासातल्या थोड्या द्रावणात उभं करा, ठिपका द्रावणाच्या वर राहील असं. घरी अल्कोहोलवर रंग सुटतात, पण गिचमिड होते. शाळेच्या प्रयोगशाळेत नऊ भाग पेट्रोलियम इथर आणि एक भाग ॲसिटोन मिळालं तर पट्टे स्वच्छ येतात.

सगळ्यांत वर केशरट पिवळा कॅरोटीनचा पट्टा, त्याखाली झँथोफिलचा पिवळा, मग निळसर हिरवं हरितद्रव्य 'अ' आणि तळाला पोपटी हिरवं 'ब'. पिवळ्या पानाच्या पट्टीवर खालचे दोन जवळजवळ गायब, वरचे पिवळे शाबूत. म्हणजे पिवळा रंग नव्यानं आला नाही. तो आधीपासून होताच, हिरव्याखाली झाकलेला. देशी बदामाचं लाल पान याला अपवाद. तिथला लाल रंग पान पिकतानाच नव्यानं बनतो. वाटलेल्या रसात कधीकधी राखाडी पट्टा दिसतो. ते मॅग्नेशियम गेलेलं हरितद्रव्य. पानं वाटून फार वेळ ठेवली की तो हमखास येतो.

पायरी पाचवी: केळ्यातला निळा उजेड

मोडणीतला तो निळा चमकणारा टप्पा पानात बघणं कठीण, कारण तो पदार्थ टिकत नाही. पण पिकत्या केळ्याच्या सालीत त्याला जास्तीची जोडणी होते आणि तो साठून राहतो. २००८ मध्ये क्रॉयटलर यांच्याच गटानं हे दाखवलं.

खोली पूर्ण काळोखी करा. एक हिरवं कच्चं केळं, एक पिवळं पिकलेलं, एक काळे ठिपके पडलेलं, अशी तीन शेजारी ठेवून नोटांचा दिवा लावा. दिव्याकडं थेट बघू नका, पोरांनाही बजावा. पिवळं केळं निळसर उजळतं, हिरवं उजळत नाही. काळ्या ठिपक्यांभोवती निळी कडी दिसली तर तुमचा दिवा चांगला आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त टॉर्चचा उजेड बराचसा नुसता जांभळाच असतो, त्यात हे नीट दिसत नाही. ३६५ नॅनोमीटरचा दिवा हवा. दिवा हातात आहेच, तर चौथ्या पायरीतल्या हिरव्या रसावरही धरा. हिरवा रस रक्तासारखा लाल चमकतो.

केळ्याचं आणखी एक आपल्या कामाचं. करमाळ्याकडची केळी मे महिन्यात घरात पिकवायला ठेवली तर आतून मऊ, गोड होतात, पण साल हिरवटच राहते. आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, "कच्चीच दिली की हो त्यानं." कच्ची नसतात. आपण खातो त्या जातीच्या केळ्यात साधारण २४ अंशांच्या वर गेलं की सालीतलं हरितद्रव्य मोडायचं काम रखडतं, गर मात्र पिकत राहतो. म्हणून व्यापारी थंड खोलीत, १६-१८ अंशांना, इथिलीन वायू सोडून केळी पिकवतात. सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना सालीवर विश्वास ठेवू नका, दाबून बघा.

इथिलीन हा पिकवणारा वायू पानांनाही म्हातारं करतो. कोथिंबिरीची जुडी केळ्या-सफरचंदांच्या शेजारी ठेवलीत तर दोन दिवसांत पिवळी पडते. याच्या उलट काम करतं सायटोकायनिन हे संप्रेरक. ते पानाला तरुण ठेवतं. ज्वारीच्या पिकल्या, पिवळ्या पानावर तांबेऱ्याच्या ठिपक्याभोवती हिरवी बेटं राहिलेली कधी पाहिलीत का? पान जिवंत राहिलं तरच बुरशीला खायला मिळणार, म्हणून तेवढा भाग ती म्हातारा होऊ देत नाही. सायटोकायनिनचा त्यात हात असतो.

पायरी सहावी: बांधावर उभं राहून

आता दाजींचा प्रश्न. खत टाकण्याआधी क्रमानं बघा.

पिवळी पानं कुठली? सगळ्यांत खालची, जुनी असतील, पिवळेपणा सरसकट असेल, ओढल्यावर सहज सुटत असतील आणि शेंड्याची नवी पानं गर्द हिरवी असतील, तर पान पिकलंय. काही करू नका. ते पान झाडाला नत्र परत देऊन चाललंय. एकदा देठापाशी तो थर सुटला की कुठलंही खत, कुठलंही टॉनिक ते पान परत हिरवं करत नाही.

जुनी पानं पिवळी आणि नवीही फिकट, बारीक, वाढ खुंटलेली, तर नत्र कमी पडतंय. झाड नव्या पानांसाठी जुन्यांना अवेळी म्हातारं करतंय. जुन्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियमकडं बघा.

नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, जुनी पानं मात्र ठीक, तर हा केवडा, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात बहुतेक वेळा तो लोहाचा. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं मुळांना घेता येत नाही. हरितद्रव्यात लोह नसतं, पण ते बनवायला लागतं, आणि झाडाला जुन्या पानातलं लोह नव्याकडं सहजी हलवता येत नाही. इथं रंग मोडलेला नाही, बनलेलाच नाही. खात्री करायची तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवा आणि ब्रशनं एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला, संध्याकाळी, लावा. आठवड्याभरात तेवढाच भाग हिरवा झाला तर निदान पक्कं. मग फवारणी, आणि जमिनीतून द्यायचं तर शेणखतात मुरवून. पिकलेल्या पानावर हीच परीक्षा केलीत तर काहीच होणार नाही, आणि तेही निदानच.

बहार, कडबा आणि पालापाचोळा

डाळिंबाचा बहार धरताना आपण पानं मुद्दाम म्हातारी करतो. पाणी तोडतो, झाड ताणावर जातं, पानं पिवळी पडतात, मग इथेफॉन, म्हणजे बाजारातलं इथ्रेल, फवारून उरलेली पाडतो. इथेफॉनमधून पानात इथिलीनच सुटतं. घाई होते ती इथं. पानं हिरवी असतानाच जोरकस फवारणी केली की ती हिरवीच गळतात, त्यांतलं नत्र फांदीत परत न जाता मातीत पडतं, आणि पुढची फुलं तर फांदीतल्याच साठ्यावर यायची असतात. म्हणून आधी ताण, बहुतेक पानं पिवळी, ओढ-परीक्षेत सुटणारी, आणि मगच फवारणी. मात्रा बाटलीवरची किंवा केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीची घ्या, शेजाऱ्याची नको.

ज्वारीचं उलट. मंगळवेढ्याच्या रानात रब्बी ज्वारी जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर उभी असते. दाणा भरताना ओल संपली की पानं खालून वर भराभर वाळतात, ताट, म्हणजे ज्वारीचं खोड, पोकळ होतं आणि खडखड्या रोगानं आडवं पडतं. अशा ताणातही जास्त दिवस हिरवं राहणारं वाण शोधणं हे ज्वारीच्या संशोधकांचं जुनं काम. पण हिरवं राहण्यातही दोन प्रकार आहेत. एकात पान खरंच तरुण राहतं, अन्न बनवत राहतं. दुसऱ्यात फक्त हरितद्रव्य मोडायचं यंत्र बिघडलेलं असतं, मेंडेलच्या वाटाण्यासारखं. पान हिरवं दिसतं, काम काही करत नाही. तेव्हा नुसत्या हिरव्या रंगावर वाण निवडू नका, कणसाचं वजन बघा. मोहोळच्या केंद्रात मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ इतकी वर्षं टिकली, ती दाण्या-कडब्यावर, दिसण्यावर नव्हे.

राहिला पाचोळा. कडुनिंबाखाली झाडून काढलेल्या पानांतलं नत्र झाडानं आधीच काढून घेतलेलं असतं. म्हणून नुसत्या वाळल्या पानांचा ढीग वर्षभर तसाच राहतो आणि लोक वैतागून पेटवतात. एक थर पाचोळा, वर शेण किंवा गिरिपुष्पाचा हिरवा पाला, पुन्हा पाचोळा, आणि ओल टिकवा. हिरव्या पाल्यात नत्र शाबूत असतं, तेच ढिगाला कुजवतं. आमच्या कॉलनीतल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या तोंडापर्यंत खत तयार होतं.

मागच्या डिसेंबरात दाजींचा फोन आला, तेव्हा मी सवयीनं विचारायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "खालची पिवळी, वरची हिरवी, धरलं की सुटतंय. दहा झाडं फिरून बघितली. खताचं नाही विचारत. पाणी कधी सोडू, तेवढं सांगा."